तीन मायक्रॉनवर संशय, सहावर खात्री: अवकाशातले रेणू कसे ओळखतात

जुलैत गोव्यातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत एफटीआयआर यंत्रावर (नमुन्याने अवरक्त प्रकाश कुठे किती शोषला ते मोजणारं यंत्र) केबीआरची, म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइडची, टिकली चढवा. नमुना कोणताही असो, आलेखावर दोन आगंतुक हमखास हजर असतात. तरंगसंख्या (एका सेंटीमीटरमध्ये मावणाऱ्या लहरी) ३४०० प्रति सेंटीमीटरच्या आसपास एक ऐसपैस खड्डा आणि १६४० जवळ दुसरा, लहानसा. दोन्ही पाण्याचे. पोटॅशियम ब्रोमाइड दमट हवेतून ओलावा खेचून घेतं आणि काचेसारखी निघायची ती टिकली दुधट निघते. पावडर ओव्हनमध्ये ११० अंशांवर सुकवली, डेसिकेटरमध्येच थंड केली, दोनशे मिलिग्रॅम पावडरीला एक-दोन मिलिग्रॅमच नमुना घेतला आणि खलात भराभर घोटून लगेच प्रेसमध्ये दाबली, तर खड्डे उथळ होतात. पावसाळ्यात पुरते मात्र जात नाहीत.

प्रयोगशाळेत ही जोडी म्हणजे निव्वळ कटकट. अवकाशातल्या रेणूंचा अवरक्त वर्णपट वाचताना मात्र नेमकी अशीच जोडी शोधायची असते. एकटा खड्डा दिसला की संशय घ्यायचा. त्याच रेणूचा दुसरा खड्डा ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या प्रमाणात सापडला, तरच नाव घ्यायचं.

आधी थोडं मुळाचं. रेणूतले अणू जागच्या जागी खिळलेले नसतात. बंध ताणले आणि आखडले जातात, दोन बंधांमधला कोन कमीजास्त होत राहतो. अशा प्रत्येक कंपनाची वारंवारता बंध किती ताठ आणि अणू किती जड यावर ठरते. हायड्रोजन हलका, म्हणून त्याचे बंध तीन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या परिसरात सापडतात. कार्बन मोनॉक्साइडचा ताठ तिहेरी बंध ४.६७ मायक्रॉनला, सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा बंध दहाच्या आसपास. कार्बन मोनॉक्साइडमध्ये कार्बन-१२ च्या जागी कार्बन-१३ आला की रसायन तेच राहतं, पण पट्टा ४.६७ वरून ४.७८ वर सरकतो. वजनातला एवढासा फरकही आलेखावर सरळ दिसतो.

एक अट मात्र आहे. कंपन होताना रेणूचा विद्युत द्विध्रुव (धन आणि ऋण भारांची दोन टोकांतली विभागणी) बदलला पाहिजे, नाहीतर प्रकाशाला पकडायला काही सापडतच नाही. नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या रेणूची दोन्ही टोकं सारखी, त्यामुळे अवरक्तात ते जवळपास अदृश्य. विश्वात सगळ्यात जास्त असलेला हायड्रोजनचा रेणूही असाच मुखदुर्बळ. त्याच्या काही अतिशय क्षीण रेषा तेवढ्या मिळतात: २८.२, १७.०३, १२.२८, ९.६६ मायक्रॉनला. म्हणजे पट्टा दिसला नाही म्हणून रेणू तिथे नाही, असा निष्कर्ष अवरक्त वर्णपटावरून काढायचा नसतो. बातम्यांत ही चूक वारंवार होते.

चंद्रावरचं पाणी: अकरा वर्षांनी आलेला दुसरा पुरावा

चांद्रयान-१ ऑक्टोबर २००८ मध्ये उडालं. त्यावर नासाचं मून मिनरॉलॉजी मॅपर हे उपकरण होतं. त्याचा पल्ला ०.४३ ते ३.० मायक्रॉन. सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर झालं की चंद्राच्या पृष्ठभागावरून परतलेल्या सूर्यप्रकाशात २.८ ते ३.० मायक्रॉनच्या पट्ट्यात शोषण दिसतं. वर्तमानपत्रांत ‘चंद्रावर पाणी’ असे मथळे आले. शोधनिबंधात ‘हायड्रॉक्सिल किंवा पाणी’ असं जपून लिहिलेलं होतं, आणि त्या ‘किंवा’मध्येच सगळी मेख होती.

ऑक्सिजन-हायड्रोजन बंध ताणला की तीन मायक्रॉनजवळ शोषण होतं. तो बंध पाण्याच्या रेणूत असो, नाहीतर खनिजाला चिकटलेल्या सुट्या हायड्रॉक्सिलमध्ये (एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन). त्यात उपकरण बरोबर ३.० ला थांबत होतं, म्हणजे खड्ड्याचा अलीकडचा काठ दिसला, तळ आणि पलीकडचा काठ दिसलाच नाही. तिसरी अडचण याहून वाईट. दुपारच्या चंद्राचा पृष्ठभाग शंभर अंश सेल्सियसच्या वर तापतो आणि तीन मायक्रॉनला स्वतःच उजेड टाकू लागतो. हा उजेड खड्डा भरून काढतो. तो किती वजा करायचा याचा अंदाज जरा बदलला, की दुपारी पाणी कमी होतं की नाही याचं उत्तरही बदलतं. त्यावर शास्त्रज्ञांत कित्येक वर्षं वाद चालला.

सुटका सहा मायक्रॉनला होती. पाण्याच्या रेणूत दोन हायड्रोजन आणि त्यांच्यात एक कोन आहे. तो कोन मिटतो-उघडतो ते कंपन ६.१ मायक्रॉनला येतं. हायड्रॉक्सिलमध्ये अणूच दोन, कोन आणायचा कुठून? सोफिया या बोइंग ७४७ विमानात बसवलेल्या दुर्बिणीने २०१८ मध्ये चंद्राच्या क्लेव्हियस विवरात हा ६.१ चा पट्टा टिपला आणि २०२० मध्ये ते जाहीर झालं. प्रमाण दहा लाख भागांत साधारण १०० ते ४१२ भाग, म्हणजे अगदीच किरकोळ. पण आता तो पाण्याचा रेणूच होता, यात शंका उरली नाही. आता टिकलीतला १६४० चा खड्डा आठवा: १०,००० भागिले १६४० म्हणजे ६.१. दोन्हीकडे कंपन तेच.

याची उलट बाजू बघायची तर गोव्यात साहित्य पायाखालीच आहे. जांभ्या चिऱ्याची चिमूटभर पूड चांगली वाळवून मोजली, तर त्यातल्या केओलिनाइट या मातीच्या खनिजाचे ३६९५ आणि ३६२० ला टोकदार सुळके मिळतात, १६४० ला मात्र जवळजवळ काही नाही. तिथे हायड्रॉक्सिल खनिजाच्या जाळीत बसलेला आहे, पाणी नाही. पूड दमट ठेवली तर ३४०० चा रुंद खड्डा आणि १६४० दोन्ही येतात. लघुग्रहांच्या बाबतीत हाच भेद कामी आला. हायाबुसा-२ यानाला रयुगूवर २.७२ मायक्रॉनला अरुंद पट्टा मिळाला, ओसायरिस-रेक्सला बेन्नूवर २.७४ च्या जवळ. जागा आणि अरुंदपणा पाहून कळलं की तो मातीसारख्या खनिजांतला हायड्रॉक्सिल आहे. बर्फ असता तर रुंद पट्टा ३ च्या पलीकडे पडला असता.

आलेखाच्या अक्षांचा गोंधळ

रसायनशास्त्राचे विद्यार्थी तरंगसंख्येत विचार करतात, खगोलशास्त्रज्ञ मायक्रॉनमध्ये. दहा हजाराला एकाने भागलं की दुसरं मिळतं. पण त्यात आलेख उलटा होतो, शिवाय रुंदीही फसवते. तीन मायक्रॉनजवळ ०.१ मायक्रॉन म्हणजे शंभराहून जास्त तरंगसंख्या. पंधराजवळ तेवढाच ०.१ म्हणजे जेमतेम साडेचार. मायक्रॉनच्या आलेखावर अरुंद दिसणारा पट्टा खरोखर अरुंद आहे का, हे तरंगसंख्येत बदलून पाहिल्याशिवाय बोलू नये.

दूरच्या दीर्घिकांसाठी आणखी एक पायरी. विश्वाच्या प्रसरणाने तरंगलांबी ताणली जाते, म्हणून आलेखावरच्या आकड्याला एक अधिक ताम्रसृती (तरंगलांबी मूळच्या किती पटीने वाढली ते सांगणारी संख्या) या संख्येने भागायचं. एसपीटी०४१८-४७ या दीर्घिकेची ताम्रसृती ४.२२ आहे. तिच्यातला ३.३ मायक्रॉनचा पट्टा जेम्स वेब दुर्बिणीला १७.२ मायक्रॉनजवळ सापडला. ताम्रसृती दुसऱ्या रेषांवरून आधीच माहीत नसेल, तर एकट्या कुबडावरून ती काढू नये.

मागे दिवा कोणता?

प्रयोगशाळेत नमुन्यामागे दिवा असतो, त्याची तीव्रता आपण आधी मोजून ठेवतो. अवकाशात दिवा आपल्याला निवडता येत नाही. रेणूंच्या मागे त्यांच्याहून तापलेला तारा किंवा धूळ असेल तर खड्डा पडतो. रेणूच मागच्या पार्श्वभूमीहून गरम असतील तर तिथेच उंचवटा येतो. एकाच तरुण ताऱ्याभोवती थंड आवरणातला कार्बन डायऑक्साइड बर्फ १५.२ ला खड्डा देतो आणि आतल्या गरम तबकडीतला वायू १४.९८ ला टोकदार उंचवटा. दोन्ही एकमेकांना लागून असल्याने खड्ड्याचा काठ उगाच वर उचललेला दिसतो, आणि नवशिका त्यातून नवा रेणू ‘शोधतो’.

तिसराही प्रकार आहे. बहुचक्री सुगंधी हायड्रोकार्बन हे कार्बनच्या षटकोनांचे मोठे रेणू. त्यांच्यावर अतिनील प्रकाशाचा एखादाच कण आदळतो, रेणू क्षणभर हजारेक अंश केल्विनपर्यंत तापतो आणि ती ऊर्जा अवरक्तात सोडून देतो. त्यातून ३.३, ६.२, ७.७, ८.६, ११.२ आणि १२.७ मायक्रॉनचे उंचवटे येतात. सत्तरच्या दशकात ते पहिल्यांदा दिसले तेव्हा ‘अनोळखी पट्टे’ म्हणूनच त्यांची नोंद झाली. विद्युतभारित रेणूंत ६.२ आणि ७.७ जोरदार येतात, उदासीन रेणूंत ३.३ आणि ११.२. त्यामुळे ६.२ आणि ११.२ यांच्या गुणोत्तरावरून किती रेणू भारित आहेत याचा अंदाज येतो. मात्र या पट्ट्यांवरून कुटुंब कळतं, व्यक्ती नाही. अमुक एक रेणू असं यातून म्हणता येत नाही. अशा रेणूंची स्वतंत्र ओळख रेडिओ दुर्बिणींनी पटवली.

वायू की बर्फ?

सगळ्यात जास्त माहिती दडलेली असते ती पट्ट्याच्या आकारात. वायूतला रेणू कंप पावतो आणि मोकळेपणाने फिरतोही. फिरण्याच्या पायऱ्या ठरावीक असल्याने कंपनाचा एक पट्टा अनेक बारीक रेषांत फुटतो आणि कंगव्याच्या दातांसारखा दिसतो. कार्बन मोनॉक्साइडचे दात सुमारे ३.८ प्रति सेंटीमीटर अंतरावर येतात, मधोमध २१४३ ला एक दात गायब. अंतरावरून बंधाची लांबी निघते, आणि कोणता दात सर्वात उंच यावरून तापमान. २० केल्विनला मध्यापासून पहिला-दुसरा दात सर्वात जोरात असतो, ३०० केल्विनला सातव्याच्या आसपासचा, १००० केल्विनला तेरावा. असा थर्मामीटर हजार प्रकाशवर्षांवरून वाचता येतो, ही या विद्येतली खरी चैन.

याचा नमुना प्रयोगशाळेत फुकट मिळतो. यंत्राची पार्श्वभूमी घेतल्यावर कोणी जवळ उभं राहून श्वास सोडला, तर २३५० जवळ दोन कुबडं उठतात. हा हवेतला कार्बन डायऑक्साइड. त्याचे दात १.६ प्रति सेंटीमीटर अंतरावर असतात आणि नेहमीच्या ४ प्रति सेंटीमीटरच्या विभेदनात (यंत्र वेगळं दाखवू शकतं असं किमान अंतर) ते वेगळे होत नाहीत, म्हणून डावा-उजवा असे दोन ढीग दिसतात. विभेदन ०.५ वर आणलं की ढिगातून दात निघतात.

बर्फात रेणू शेजाऱ्यांनी जखडलेला, त्याला फिरता येत नाही. दात नाहीसे होतात, एकच पट्टा उरतो आणि तोही शेजार कोणाचा आहे त्याप्रमाणे सरकतो. निव्वळ कार्बन मोनॉक्साइडचा बर्फ २१३९ ला, अरुंद. पाण्याच्या बर्फात मिसळलेला असेल तर २१३६ कडे, रुंद. म्हणजे वायूचा गायब दात आणि बर्फाचा खड्डा जवळजवळ एकाच जागी येतात. विभेदन कमी असेल तर दोघांची सरमिसळ ठरलेलीच.

बर्फाची घडणही महत्त्वाची. वास्कोत हेडलँड सड्यावरच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात अंटार्क्टिकाचे हिमगाभे अभ्यासले जातात. तो बर्फ स्फटिकी. अवकाशात धुळीच्या कणावर दहा-वीस केल्विनला गोठलेलं पाणी बहुतांशी अस्फटिकी (रेणू ओळीत न लागलेलं) असतं, पट्टा ३.०५ ला आणि गोलसर. तोच बर्फ तापला की स्फटिकी होतो, पट्टा ३.१ कडे सरकतो आणि टोकदार बनतो. कार्बन डायऑक्साइडचा १५.२ चा पट्टा तर याहून बोलका: मिश्र बर्फ तापून त्यातला कार्बन डायऑक्साइड वेगळा झाला की एका खड्ड्याचे १५.११ आणि १५.२६ असे दोन होतात. बर्फ पुन्हा गार झाला तरी ते दोन मिटत नाहीत. आज थंड दिसणाऱ्या आवरणात हा दुहेरी खड्डा मिळाला, तर आतला तारा पूर्वी कधीतरी भडकून गेला होता असा तर्क करता येतो.

खनिजांचंही तसंच. मिरामारची वाळू बारीक घोटून टिकली केली, तर क्वार्ट्झचा १०८० जवळचा पट्टा आणि ७९८-७७९ ची अरुंद जोडी मिळते. अवकाशातल्या सिलिकेट धुळीचा ९.७ मायक्रॉनचा खड्डा मात्र रुंद आणि बिनटोकाचा. ताऱ्यांमधल्या पोकळीतली ही धूळ जवळजवळ सगळी अस्फटिकी. स्फटिकी भाग फार तर एक-दोन टक्के. धूमकेतूंत आणि ताऱ्यांभोवतीच्या तबकड्यांत ११.२-११.३ ला फॉर्स्टेराइट या स्फटिकी सिलिकेट खनिजाचं टोक दिसतं, म्हणजे तिथे धूळ कधीतरी भाजून निघाली आहे. पण ११.२ ला ते बहुचक्री हायड्रोकार्बनही बसलेले असतात. अशा वेळी ६.२ आणि ७.७ तपासायचे. ते नसतील तर खनिज.

मोजणी, आणि ती कुठे घसरते

ओळख पटली की किती रेणू हा प्रश्न येतो. खड्डा नसता तर प्रकाश किती असता, याची पायारेषा आधी ओढायची. प्रत्यक्ष प्रकाशाला त्या अंदाजाने भागायचं, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यायचा आणि चिन्ह बदलायचं. ही झाली ऑप्टिकल डेप्थ. प्रकाश ३७ टक्के उरला तर ती १. मग तरंगसंख्येवर तिचं क्षेत्रफळ काढायचं आणि प्रयोगशाळेत मोजलेल्या पट्ट्याच्या ताकदीने भागायचं.

कार्बन डायऑक्साइड बर्फाचा ४.२७ चा पट्टा घेऊ. खोली (ऑप्टिकल डेप्थ) १, अर्ध्या उंचीवरची रुंदी २० प्रति सेंटीमीटर, आकार घंटेसारखा. क्षेत्रफळ सुमारे २१. या पट्ट्यासाठी बराच वापरला गेलेला ताकदीचा आकडा ७.६ गुणिले १० चा उणे १७ वा घात. भागाकार येतो २.८ गुणिले १० चा १७ वा घात, म्हणजे दृष्टिरेषेच्या दर चौरस सेंटीमीटरमागे २८ वर सोळा शून्यं इतके रेणू. पाण्याच्या बर्फाचा हिशेब याच रीतीने करून भागलं की प्रमाण मिळतं. लहान तरुण ताऱ्यांच्या आवरणात ते साधारण वीस-तीस टक्के भरतं.

हिशेब सोपा, पायारेषा अवघड. ती दहा टक्के वर ओढली गेली तर ऑप्टिकल डेप्थमध्ये ०.०९५ ची भर पडते. खरी खोली १ असेल तर चूक दहा टक्क्यांची. खरी खोली ०.१ असेल तर उत्तर जवळपास दुप्पट! म्हणून क्षीण पट्ट्यांच्या शोधनिबंधात आधी पायारेषेची आकृती बघावी. ती कुठल्या बिंदूंतून नेली आहे आणि ते बिंदू खरोखर शोषणापासून मोकळे आहेत का, हे तपासावं. निष्कर्ष नंतर वाचले तरी चालतात.

दुसऱ्या टोकाला खूप खोल खड्डे. ऑप्टिकल डेप्थ ४ म्हणजे दोन टक्केही प्रकाश उरत नाही. यंत्राचा गोंगाट तेवढाच असेल तर ४ आणि ६ मध्ये फरक करता येत नाही. मग कार्बन-१३ वाल्या कार्बन डायऑक्साइडचा ४.३८ चा पट्टा मोजायचा आणि समस्थानिकांच्या गुणोत्तराने गुणायचं. सूर्यमालेत ते सुमारे ८९, आपल्या आसपासच्या आंतरतारकीय पोकळीत ७० च्या जवळ. कोणता आकडा घेतला हे लिहिलं नसेल तर उत्तराचा उपयोग नाही.

वायूच्या रेषांत फसगत वेगळी. वेबवरच्या मिरी या मध्य-अवरक्त उपकरणाचं विभेदन साधारण १५०० ते ३५००; इथे ते तरंगलांबी भागिले ओळखता येणारा किमान फरक असं मोजतात, म्हणून आकडा मोठा तितकं चांगलं. ३००० म्हणजे वेगाच्या भाषेत सेकंदाला १०० किलोमीटरची रुंदी. तबकडीतल्या वायूच्या रेषा त्याहून पुष्कळ अरुंद असतात. खरी रेषा तळाला टेकलेली असली तरी यंत्र तिला पसरवून उथळ दाखवतं, आणि थेट क्षेत्रफळ मोजलं तर रेणू कमी भरतात. म्हणून तापमान, रेणूंची संख्या आणि वायूचं क्षेत्र असे तीन आकडे एकत्र बदलत मॉडेल बसवतात. या तिघांच्या बऱ्याच जोड्या सारख्याच चांगल्या बसतात, हे दुखणं आहेच.

गर्दीच्या जागा

प्रयोगशाळेत १७२० ला पट्टा दिसला की ‘कार्बोनिल’ असं लिहून मोकळं होता येतं, कारण बाटलीत काय घातलं ते माहीत असतं. अवकाशातल्या बर्फात तोच ५.८ मायक्रॉनचा पट्टा फॉर्माल्डिहाइड, फॉर्मिक आम्ल, असिटाल्डिहाइड अशा कित्येकांचा असू शकतो. कार्यगटांचा तक्ता (कोणत्या अणुगटाचा पट्टा कुठे येतो त्याची यादी) इथे जवळजवळ निरुपयोगी, हे स्पष्ट सांगायला हवं. सहा मायक्रॉनच्या पाण्याच्या पट्ट्यात यांतले बरेच जण दडून बसतात. ६.८५ च्या पट्ट्याचा मालक अनेक वर्षं वादात होता. आज अमोनियम आयनाकडे बोट दाखवलं जातं. अमोनियाचा ९.० आणि मिथेनॉलचा ९.७५ हे दोन्ही सिलिकेटच्या दरीत पडतात, म्हणून मिथेनॉलसाठी ३.५३ ची साक्ष काढावी लागते.

काजूच्या फेणीत असतं ते इथेनॉलही या यादीत आलं आहे. २०२४ मध्ये वेबच्या निरीक्षणांवरून तरुण ताऱ्यांभोवतीच्या बर्फात इथेनॉल असल्याचं मांडलं गेलं. त्यासाठी ६.८ ते ८.६ मायक्रॉनचा अख्खा पट्टा घेऊन प्रयोगशाळेत दहा-पंधरा केल्विनला गोठवलेल्या अनेक बर्फांचे वर्णपट एकत्र बसवून पाहिले. ७.२४ ची एकटी खाच दाखवून भागलं नसतं. तिच्यावर फॉर्मेट आयनाचाही दावा आहे.

याउलट सी-६० ची ओळख बघा. साठ कार्बन अणूंच्या या पोकळ चेंडूत १७४ कंपनं आहेत, पण सममिती इतकी कडक की अवरक्तात फक्त चार पट्टे: प्रयोगशाळेत ५२६, ५७६, ११८३ आणि १४२९ प्रति सेंटीमीटर. म्हणजे १९.०, १७.४, ८.४५ आणि ७.० मायक्रॉन. २०१० मध्ये स्पिट्झर दुर्बिणीच्या नोंदींत टीसी-१ या ग्रहीय तेजोमेघात हे चारही जागच्या जागी मिळाले. ७.० च्या पट्ट्यात आयनित आर्गॉनची ६.९८ ची रेषा मिसळलेली होती, ती वेगळी काढावी लागली. चारांपैकी एक जरी गैरहजर असता तरी दावा उभा राहिला नसता.

२०२३ मध्ये मृगातल्या तेजोमेघाजवळच्या डी२०३-५०६ या तबकडीत ७ मायक्रॉनच्या पुढे-मागे कोणाच्याच खात्यात न बसणाऱ्या रेषांची रांग दिसली. ठराविक अंतराने येणारे दात म्हणजे वायू, आणि दातांमधली मोकळी जागा मोठी म्हणजे रेणू हलका. प्रयोगशाळेतल्या वर्णपटतज्ज्ञांशी ताळा करून नाव निघालं: मिथाइल धन-आयन, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. हा आयन सपाट आणि सममित, त्याला कायमचा द्विध्रुव नाही, त्यामुळे रेडिओ दुर्बिणींना तो सापडणं शक्यच नव्हतं. रसायनशास्त्रज्ञ सत्तरच्या दशकापासून तो असणार म्हणत होते. पहिली साक्ष मिळाली ती अवरक्तातच.

हवा आणि यंत्र

गोव्यातून शनीची कडी छान दिसतात, पण अवरक्त वर्णपटासाठी ही जागा जवळजवळ अशक्य. पावसाळ्यात डोक्यावरच्या हवेतली सगळी वाफ गोळा करून पाणी केलं तर पाच-सहा सेंटीमीटर थर होईल. हवाईच्या मौना केआवर चांगल्या रात्री तो एक-दोन मिलिमीटर असतो. तिथूनही ३ ते ४, ४.५ ते ५, ८ ते १३ आणि १७ ते २५ मायक्रॉन एवढ्याच खिडक्या उघड्या, त्याही अर्धवट, ९.६ ला ओझोन आडवा येतो. उपाय म्हणून शोधायच्या ताऱ्याच्या जवळचा, आकाशात तेवढ्याच उंचीवरचा साधा वर्णपट असलेला तारा लगोलग मोजतात आणि त्याने भागतात. मध्ये अर्धा तास गेला तरी वाफेचं प्रमाण बदलून खोटे सुळके उरतात. आपल्याकडे गुरुशिखरची १.२ मीटरची आणि लडाखमधल्या हान्लेची २ मीटरची दुर्बीण बहुतेक करून २.५ मायक्रॉनच्या अलीकडच्या, जरा सोप्या टापूत काम करतात.

शिवाय खोलीच्या तापमानाला असलेली प्रत्येक वस्तू दहा मायक्रॉनजवळ सर्वात जोरात चमकते. आरसा, नळी, छत, सगळंच. म्हणूनच वेबला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर पाच पदरी सूर्यछत्रीच्या आड ठेवलं आहे आणि मिरीला ७ केल्विनच्या खाली थंड केलं आहे.

तिथेही सगळं आलबेल नाही. मिरीच्या शोधकाच्या (प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या) थरांत प्रकाश पुढे-मागे परावर्तित होऊन लहरी उमटतात आणि त्या हुबेहूब वायूच्या दातांसारख्या दिसतात. ओळखायची खूण अशी की स्रोत शोधकावर जरा सरकवला की लहरी बदलतात, खऱ्या रेषा बदलत नाहीत. म्हणून एकच निरीक्षण चार जागी सरकवून घेतात. दुसरी नाजूक जागा म्हणजे सांधे. मिरीचा ४.९ ते २७.९ मायक्रॉनचा वर्णपट बारा तुकड्यांतून जोडलेला असतो. सांध्यावर नेमकी पायरी किंवा खाच दिसली तर ती रेणूची समजण्याआधी शिवणीची समजावी.

के२-१८बी या सुमारे १२४ प्रकाशवर्षांवरच्या ग्रहाचं प्रकरण यासाठीच वाचण्यासारखं आहे. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडचे पट्टे २०२३ मध्ये मांडले गेले. एप्रिल २०२५ मध्ये मिरीच्या ६ ते १२ मायक्रॉनच्या नोंदींवरून डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याचा भाऊबंद असल्याचा दावा आला. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्री सूक्ष्मजीवांमुळे हवेत येतो, त्यामुळे गाजावाजा झाला. पण खात्रीची पातळी तीन सिग्मा (निव्वळ योगायोगाची शक्यता हजारात सुमारे तीन), पट्टे रुंद आणि एकमेकांत मिसळलेले, आणि त्याच नोंदी इतरांनी तपासल्यावर सरळ सपाट रेषाही जवळपास तितकीच चांगली बसते असं दिसलं. आज तरी तो संशयाच्याच खात्यात ठेवायला हवा.

स्वतः हात घालून बघायचा असेल तर वेबच्या नोंदी मास्ट या अभिलेखागारात मोफत मिळतात. बऱ्याच लगेच, काही निरीक्षकांच्या राखीव मुदतीनंतर, ती फार तर वर्षाची. सुरुवात मृगातल्या तेजोमेघातल्या ‘ओरायन बार’ या प्रखर पट्ट्याच्या (हा वर्णपटातला नव्हे, आकाशातला) नोंदींनी करावी. रेषा ठसठशीत आहेत, गोंगाट कमी. रेणू शोधायला लगेच धावू नका. आधी हायड्रोजनच्या १७.०३ आणि १२.२८, आयनित निऑनची १२.८१ आणि आर्गॉनची ६.९८ या रेषा जागेवर आहेत का बघा. त्या सगळ्या सारख्याच प्रमाणात सरकलेल्या असतील तर स्रोताचा वेग लक्षात घ्यायचा राहिला आहे. एकच तुकडा सरकला असेल तर त्या तुकड्याची तरंगलांबी चुकली आहे, आणि ती दुरुस्त होईपर्यंत त्यातल्या कुठल्याही कुबडाला नाव देऊ नये.